परग्रहवासी आलेच, तर कोण येईल?

व्हॉयेजर-1 हे यान 1977 साली पृथ्वीवरून निघालं. आज ते सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर वेगानं सूर्यापासून दूर चाललंय. सूर्याला सगळ्यांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी, अंतर 4.24 प्रकाशवर्षं. व्हॉयेजरचा रोख त्या ताऱ्याकडे नाही, पण असता तरी तिथं पोचायला त्याला साधारण 75 हजार वर्षं लागली असती. आणि हा झाला अगदी शेजारी.

आपल्याला जमत नाही म्हणून कुणालाच जमणार नाही, असं मात्र नाही. प्रकाशाच्या एक दशांश वेग गाठला, तर हाच प्रवास बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांत होतो. भौतिकशास्त्राची त्याला ना नाही. गाडी अडते ती ऊर्जेपाशी. हजार टनांचं यान या वेगाला न्यायचं तर सगळं जग वर्षभरात जितकी ऊर्जा वापरतं, तिच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास ऊर्जा लागेल, तीही कणभर वाया न जाता. मग मुक्कामी थांबायचं कसं? अंतराळात घर्षण जवळजवळ नाहीच, त्यामुळे वेग मारण्यासाठीही इंजिनच चालवावं लागतं. त्यासाठीचं इंधन सुरुवातीपासून वाहून न्यायचं आणि ते वाहून नेण्यासाठी आणखी इंधन! नुसता वेग घ्यायला निघतानाचं वजन रिकाम्या यानाच्या दहापट लागत असेल, तर थांबायची सोय धरून ते शंभरपट होतं. त्सिओलकोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञानं 1903 साली मांडलेल्या रॉकेटच्या समीकरणाचा हा हिशेब कुठल्याही ग्रहावर बदलत नाही.

वाटेत धूळही आहे. या वेगानं एक मिलिग्रॅमचा कण यानावर आदळला, तर शंभर किलो टीएनटी फुटल्याइतका दणका बसेल.

म्हणून हलकं यान पाठवायचं, माणसं नाहीत. 2016 साली जाहीर झालेल्या ब्रेकथ्रू स्टारशॉट प्रकल्पाची कल्पना हीच होती: काही ग्रॅमचं यान, त्याला पातळ शीड, आणि शिडावर पृथ्वीवरून लेझरचा झोत. प्रकाशाच्या वीस टक्के वेगानं ते ताऱ्याजवळून नुसतं सुसाट निघून जाणार, थांबणार नाही. परग्रहवासीयांनाही हाच हिशेब करावा लागेल. तेव्हा आलंच कोणी तर ते यंत्र असेल, असं मला वाटतं. रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ रोनाल्ड ब्रेसवेल यांनी 1960 मध्येच अशा टेहळ्या यंत्राची कल्पना मांडली होती.

यंत्राला घाई नसते, आणि इथंच भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांचा 1950 सालचा प्रश्न बोचतो: मग सगळे आहेत कुठे? आपली आकाशगंगा सुमारे एक लाख प्रकाशवर्षं रुंद. प्रकाशाच्या एक टक्का वेगानं ती ओलांडायला एक कोटी वर्षं पुरतात, आणि तिचं वय हजार कोटी वर्षांहून जास्त. वेळेची कमतरता कुणालाच नव्हती. तरी आकाशातल्या अनोळखी वस्तूंची छाननी करणाऱ्या नासाच्या अभ्यासगटाला 2023 पर्यंत त्या वस्तू परग्रहावरच्या असल्याचा पुरावा सापडला नाही.

पण त्यांनी पृथ्वीच का निवडावी? आपल्या रेडिओ लहरी फार तर शे-सव्वाशे प्रकाशवर्षांपर्यंत पोचल्यात. हवेतला ऑक्सिजन मात्र सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी साठू लागला, आणि चांगली दुर्बीण असेल तर त्याची खूण दुरूनही प्रकाशाच्या वर्णपटात ओळखता येते. कुणी दहा कोटी वर्षांपूर्वी ती खूण पाहून यंत्र धाडलं असेल, तर त्यानं डायनासोरांचे फोटो काढून नेले असतील.