चपलेचं पुस्तक घेतलंत ना? मग हा कागद फेकू नका

नमस्कार. पुस्तकात हा कागद सापडला म्हणजे तुम्ही आमचं चित्रांचं पुस्तक घेतलंय, थँक यू! आम्ही तिघं जण, बडोद्याच्या दांडिया बाजारात जिन्याखालची एक खोली, एवढीच आमची कंपनी. ऑफिसात ह्याला चपलेचं पुस्तकच म्हणतात कारण पाच ठिकाणच्या, सिंड्रेलासारख्या पाच मुली आणि प्रत्येकीची एकेक चप्पल हरवते.

दुकानात उभ्याउभ्या सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: ह्यातली खरी सिंड्रेला कुठली? अहो, आपण जिला खरी समजतो ती फ्रान्सच्या शार्ल पेरोनं १६९७ साली छापलेली, काचेचा बूट त्याचा, भोपळ्याची बग्गी त्याची, उंदरांचे घोडे आणि पालीसरड्यांचे नोकर पण त्याचेच, आणि मग वाटतं की बाकीच्या सगळ्या तिच्या कॉप्या. पण चीनमधली ये शियेन तर नवव्या शतकातच लिहून ठेवलेली आहे, म्हणजे पेरोच्या आधी आठशे वर्षं. तिला परीबिरी कोणी नाही, एक मासा आहे. तो मासा सावत्र आई मारून खाते, आणि मग त्याच्या काट्यांकडे मागितलं की मिळतं. ये शियेनचा जोडा सोन्याचा पण केसासारखा हलका, दगडावर चाललं तरी आवाज नाही. हे वाचलं आणि आमच्या चित्रकार बाईंनी ठरवलं की त्या पानावर काहीच आवाज काढणारं नको, ढोल नको, घंटा नको, म्हणून ते पान तुम्हाला रिकामं रिकामं वाटेल, छपाईची चूक नाहीये ती.

इजिप्तची त्याहून जुनी, स्ट्रॅबो नावाच्या ग्रीक माणसानं साधारण दोन हजार वर्षांपूर्वी लिहिलेली. रोडोपिस नदीवर अंघोळ करतेय, गरुड येतो, तिची चप्पल उचलतो आणि थेट राजाच्या मांडीवर नेऊन टाकतो. झालं. इतकीच गोष्ट आहे, ना सावत्र आई ना बहिणी. मुलं विचारतात मग पुढे काय, तर पुढे राजा शोधत सुटतो आणि ती सापडते.

मेरियन कॉक्स ह्या बाईंनी १८९३ मध्ये अशा ३४५ गोष्टी एकत्र केल्या होत्या. आम्ही पाचच घेतल्या, ३२ पानांत त्याच नीट मावतात.

भोपळ्याच्या पानावर मूल "चल रे भोपळ्या टुणूक टुणूक" ओरडायला लागलं तर प्लीज थांबवू नका. आम्हाला तेच हवं होतं. आपला भोपळा म्हातारीला लेकीच्या घरून परत आणतो आणि फ्रान्सचा भोपळा पोरीला राजवाड्यात नेतो, दोन्हीकडे आत बसणारी बाईच, आणि बाहेर कोणीतरी खायला टपलेलं (फ्रान्समध्ये वाघ नसला तरी दोन सावत्र बहिणी आहेत).

आता पान २२. जर्मनीची गोष्ट, ग्रिम भावांची, १८१२ ची. ह्यात बहिणी बूट घालण्यासाठी एक अंगठा कापते आणि एक टाच. आम्ही बरेच दिवस भांडलो ह्याच्यावर, शेवटी ठेवलं, फक्त चित्रात पाय नाही, पायरीवर एक लाल ठिपका आणि दोन कबुतरं. घरी मूल अगदी लहान असेल तर पान पलटा, पाच-सहा वर्षांच्या मुलांना मात्र हेच पान सगळ्यात आवडतं असं आमचा अनुभव सांगतो, आई-वडलांनाच कसंतरी होतं.

शेवटची गोष्ट आपल्याकडची, दख्खनची. मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रिअर, तिला ही आन्ना लिबेराता डिसोझा नावाच्या तिच्या आयानं सांगितली आणि १८६८ ला ती इंग्रजीत छापली गेली. इंग्रजीत नाव सोडेवा बाई की सोदेवा बाई असं काहीतरी आहे आणि अर्थ दिलाय नशीबवान बाई, तर आम्ही आपलं सरळ सुदैवाबाई केलंय. हिची सोन्याची मोजडी डोंगरावरून खाली जंगलात पडते, शिकारीला आलेल्या राजपुत्राला मिळते, लग्न होतं, आणि इथे बाकीच्या चौघींची गोष्ट संपते पण हिची सुरू होते, कारण राजपुत्राची आधीची राणी हिचा जीव ज्या हारात आहे तो हारच चोरते. म्हणजे बघा, तिकडे सावत्र आई तर इकडे सवत. मराठीत हे दोन शब्द अगदी शेजारीशेजारी राहतात. आमच्या घरच्या मोठ्या बायकांना ह्या पानावर जे हसू आलं ते आम्हा पुरुषांना नीट कळलंच नाही.

वाचून दाखवताना एकच करा, "अगं ती नाही, काचेचा बूट असतो" असं मध्येच सांगू नका. बडोद्यातली आपली मुलं शाळेत गुजराती किंवा इंग्लिश, घरी मराठी, त्यांना एकच गोष्ट तीन तऱ्हांनी ऐकायची सवय असतेच. अडेल ते चूल आणि राख ह्या शब्दांशी, कारण घरात गॅस. सिंड्रेला म्हणजे राखेतली, म्हणून तो शब्द बदलता आला नाही, देवघरातली उदबत्तीची राख दाखवली तरी चालतं.

सोसायटी किंवा बालवाडीसाठी पुस्तकांची पेटी महिनाभर मिळते. आयडिया आमची नाही, सयाजीराव महाराजांच्या काळात लाकडी पेट्यांतून पुस्तकं गावोगाव जायची, आमची पेटी प्लास्टिकची आहे.

कव्हर ओल्या फडक्यानं पुसता येतं, आतली पानं नाही. पिना निघाल्या तर आणून द्या, फुकट मारून देऊ. आणि पहिल्या लॉटमध्ये ये शियेनच्या माशाचे डोळे सोनेरीऐवजी शेवाळी छापले गेलेत, प्रेसवाल्यांशी बोलून झालंय, तोवर सोनेरी डोळ्यांचे दोन छोटे स्टिकर ह्याच कागदाला मागे चिकटवलेत, ते मुलालाच लावू द्या, वाकडे लागले तरी.