उणे २६९ अंशांचा वळसा

हृदय आणि मेंदूचं चुंबकीय क्षेत्र साध्या तापमानाला टिपणारे सेन्सर ही अगदी ताजी गोष्ट असल्यासारखं बोललं जातं. खरं तर या विद्येची सुरुवातच साध्या तापमानाला झाली.

१९६३ मध्ये अमेरिकेतल्या सिराक्यूज विद्यापीठाच्या गेरहार्ड बाउले आणि रिचर्ड मॅकफी यांनी हृदयाचं चुंबकीय क्षेत्र पहिल्यांदा नोंदवलं. त्यांचं साधन म्हणजे फेराइटच्या गाभ्यावर गुंडाळलेली तारेची दोन वेटोळी, प्रत्येकी वीस लाख वेढ्यांची. ती एकमेकांच्या उलट जोडलेली होती. लांबून येणारा गोंगाट दोन्हींत सारखाच शिरून वजा व्हावा आणि छातीजवळचा संकेत तेवढा उरावा, हा त्यामागचा हिशेब. एवढं करूनही विजेच्या तारांपासून दूर, मोकळ्या रानात जावं लागलंच.

कारण पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ५० मायक्रोटेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक), तर हृदयाचं त्याच्या दहा लाखाव्या भागाइतकं. मेंदूचं तर पन्नास कोटींत एक भाग. भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड कोहेन यांनी १९६८ मध्ये मेंदूच्या अल्फा लहरी (डोळे मिटून निवांत असताना उमटणाऱ्या) पकडल्या त्याही तांब्याच्या वेटोळ्यानेच, पण चुंबकीय कवच असलेल्या खोलीत. लहरी गोंगाटात इतक्या बुडालेल्या होत्या, की त्या वर काढायला सोबत ईईजीचा, म्हणजे डोक्यावरून घेतलेल्या विद्युत नोंदीचा, आधार घ्यावा लागला.

मग स्क्विड हे अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्र मोजणारं उपकरण आलं. अतिवाहक म्हणजे अतिथंड झाल्यावर ज्यातून वीज विनारोध वाहते असा पदार्थ; दोन अतिवाहकांमधल्या पातळ अडसरातूनही वीज तशीच पार होईल, हे ब्रायन जोसेफसन यांचं भाकीत १९६२ चं. त्यावर आधारलेलं हे अतिवाहक उपकरण १९६४ मध्ये फोर्ड कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालं. १९६९ च्या अखेरीस जेम्स झिमरमन आपलं स्क्विड घेऊन अमेरिकेतल्या एमआयटीत कोहेन यांच्या नव्या कवचबंद खोलीत दाखल झाले. पहिलं हृदय तपासलं गेलं ते खुद्द झिमरमन यांचं. अंगावर फक्त चड्डी ठेवून ते सेन्सरसमोर उभे राहिले आणि नोंद स्वच्छ आली.

पुढची काही दशकं स्क्विडचीच. आपल्याकडे कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रानेही हृदय आणि मेंदूसाठी अशा यंत्रणा उभारल्या. पण स्क्विडला उणे २६९ अंशांचा द्रव हेलियम लागतो. तो महाग, आणि सारखा उडून जाणारा. माझ्या मते खर्चाहून मोठी अडचण अंतराची होती. हेलियम ठेवायच्या भांड्याच्या थर्मॉससारख्या दुहेरी भिंतींमुळे सेन्सर डोक्यापासून दोन-तीन सेंटिमीटर लांब राहतो, आणि अंतर वाढलं की संकेत झपाट्याने विरतो. शिवाय टोप एकाच मापाचा, म्हणून लहान मुलांची नोंद आणखी कच्ची.

सुटकेची एक वाट अणूंच्या बाष्पातून निघाली. काचेच्या कुपीतल्या रुबिडियमसारख्या धातूच्या बाष्पावर लेझर सोडला की अणू एका दिशेला रांगेत लागतात. बाहेरच्या क्षेत्राने ती रांग मोडली की आरपार जाणारा प्रकाश बदलतो. मूळ तत्त्व आल्फ्रेड कास्लर यांच्या काळातलं, १९६६ च्या नोबेलचं. २००२ च्या सुमारास प्रिन्स्टनच्या मायकेल रोमालिस यांच्या गटाने ते स्क्विडच्या तोडीला आणलं. २०१८ मध्ये नॉटिंगहॅम आणि लंडनच्या संशोधकांनी हे सेन्सर डोक्यावर घालायच्या टोपात बसवले. टोप घातलेली व्यक्ती मान हलवत होती, चहा पीत होती, आणि नोंद सुरू होती. यात गंमत अशी, की कुपीतलं बाष्प सुमारे १५० अंशांपर्यंत तापवावं लागतं. ‘साधं तापमान’ ते फक्त बाहेरच्या आवरणापुरतं.

शब्दशः साध्या तापमानाला चालतो तो टीएमआर (टनेल मॅग्नेटोरेझिस्टन्स) सेन्सर. दोन चुंबकीय थरांमध्ये जेमतेम एक-दोन नॅनोमीटरचा विद्युतरोधक थर असतो, आणि चुंबकीय क्षेत्र बदललं की सेन्सरचा विद्युतरोध बदलतो. १९९५ च्या आसपास जपानच्या तोहोकू विद्यापीठात तेरुनोबू मियाझाकी आणि एमआयटीत मूळचे भारतीय जगदीश मुडेरा यांच्या गटांनी हा परिणाम साध्या तापमानाला ठळकपणे दाखवला. त्याला आधी गिऱ्हाईक मिळालं ते संगणकाच्या हार्ड डिस्कवरची माहिती वाचणाऱ्या वाचनशीर्षात. २०१८ मध्ये तोहोकूच्याच गटाने याच तंत्राने हृदयाची आणि मेंदूच्या अल्फा लहरींचीही नोंद घेतली. हृदयाच्या बाबतीत हा सेन्सर कामाला येईल असं दिसतं. मेंदूसाठी मात्र त्याचा स्वतःचाच गोंगाट अजून बराच खाली यायला हवा.