पाकुला कोण आणि पोलॅक कोण?

अमेरिकी कारस्थानपटांच्या गप्पा निघाल्या की ॲलन पाकुला आणि सिडनी पोलॅक या दोन दिग्दर्शकांची हमखास अदलाबदल होते. दोष फक्त नावांचा नाही. पाकुलाचा 'द पॅरॅलॅक्स व्ह्यू' १९७४चा, पोलॅकचा 'थ्री डेज ऑफ द कॉन्डॉर' १९७५चा. दोन्हींच्या पटकथेत लोरेन्झो सेम्पल ज्युनियर. 'कॉन्डॉर'मध्ये जीव मुठीत धरून पळणारा रॉबर्ट रेडफर्ड पुढच्याच वर्षी पाकुलाच्या 'ऑल द प्रेसिडेंट्स मेन'मध्ये पत्रकार होऊन वॉटरगेट हा राजकीय घोटाळा उकरताना दिसतो. कहर म्हणजे १९९३ साली दोघांनीही कादंबरीकार जॉन ग्रिशमच घेतला: पोलॅकने 'द फर्म', पाकुलाने 'द पेलिकन ब्रीफ'.

माझी खूण सोपी आहे. पडद्यावर माणूस किती लहान दिसतो ते बघायचं. 'पॅरॅलॅक्स'मध्ये पाकुलाचा छायाचित्रकार गॉर्डन विलिस वॉरन बेटीच्या पत्रकाराला अवाढव्य इमारतींसमोर मुंगीएवढा करून टाकतो. सिएटलच्या स्पेस नीडलवर सिनेटरचा खून होतो, साक्षीदार एकेक करून मरतात, पण मारेकरी पुरवणाऱ्या पॅरॅलॅक्स कंपनीमागे कोण आहे ते शेवटपर्यंत कळत नाही. (शेवट फोडतोय, पण पन्नास वर्षं झाली की!) पत्रकारच खुनी ठरतो, आणि सुरुवातीसारखीच चौकशी समिती अंधारात बसून सांगते: कट नव्हताच.

पोलॅक मुळात नट, अभिनयशिक्षक सॅनफर्ड माइस्नरचा शिष्य. त्यामुळे त्याचा कॅमेरा चेहऱ्यांपाशी रेंगाळतो. सीआयएसाठी पुस्तकं वाचणारा रेडफर्ड मागच्या दाराने जेवण आणायला जातो, परततो तर ऑफिसातले सगळे मेलेले. पण इथे मारेकऱ्यालाही चेहरा आहे. माक्स फॉन सिडो चक्क सभ्यपणे सल्ला देतो. कटाला कारणही आहे: तेल. मला 'पॅरॅलॅक्स'ची भीती जास्त दिवस पुरली; 'कॉन्डॉर' मात्र पुन्हा पुन्हा बघवतो.

बाकी कारकीर्द वेगळीच. पाकुला आधी निर्माता. 'टु किल अ मॉकिंगबर्ड' (१९६२) त्याच्याच निर्मितीचा. 'क्लूट', 'पॅरॅलॅक्स' आणि 'प्रेसिडेंट्स मेन' या तिन्हींत तो संशयाच्याच मागे लागला. पोलॅकसाठी मात्र कारस्थान हा वाटेतला एक थांबा. दिग्दर्शनाचं ऑस्कर त्याला 'आउट ऑफ आफ्रिका'साठी (१९८५) मिळालं. आणि तरीही घोटाळा झालाच, तर 'टूट्सी' लावा. डस्टिन हॉफमनवर वैतागणारा तो एजंट म्हणजे स्वतः पोलॅक.