शहाणं पोरगं आणि त्याचे वाढलेले ठोके

आमच्याकडे अमळनेर-पारोळ्याच्या बाजूला बापाचं प्रेम म्हणजे शाळेची फी वेळेवर भरली, मळ्यातून आल्यावर 'जेवना का?' विचारलं, झालं. आमचे आबा तसेच. कापसाचा भाव पडला तरी गप्प, माझा दहावीचा रिझल्ट आला तरी गप्प. आणि मी पण काही मागायचो नाही म्हणून लोक म्हणायचे पोरगं किती शहाणं!

या शहाण्या पोरांचं सायन्स भारी आहे. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेत बाल्टिमोरला वर्षाच्या आसपासच्या बाळांवर प्रयोग केला, आई थोडा वेळ खोलीबाहेर जाते, परत येते, तेव्हा बाळ काय करतं ते बघायचं. बरीच बाळं रडतात, आई आली की चिकटतात आणि शांत होतात. काही मात्र आईकडे ढुंकूनही बघत नाहीत, डोकं खेळण्यात. पण १९७७ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी अशाच बाळांचे हृदयाचे ठोके मोजले तर ते वाढलेले! १९९३ मध्ये जर्मनीत लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे स्ट्रेसचं हार्मोन मोजलं, ते पण वाढलेलं. म्हणजे फरक पडत होताच, फक्त रडून उपयोग नाही हे ते बाळ एवढ्याशा वयात शिकलं होतं. (हे सगळं आईवर, बापाला तेव्हा कोण विचारतंय.)

बापावर नंतर काम झालं. फिलिपिन्समध्ये सेबूला ६२४ तरुणांना काही वर्षं फॉलो केलं, २०११ मध्ये रिझल्ट आले. बाप झालेल्यांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, बरंच उतरलं होतं, आणि जे रोज तीन तास किंवा जास्त लेकराचं करायचे त्यांचं सगळ्यात कमी होतं. म्हणजे बापाचं शरीर लेकराला हाताळण्याशी जोडलेलं दिसतं. आता आमच्या घरात आजोबांसमोर स्वतःचं लेकरू मांडीवर घेणं म्हणजे निर्लज्जपणा, आबांनी आम्हाला हाताळायचं तरी कधी? मला तर वाटतं अर्धा दोष त्या रिवाजाचाच.

आणि आठवणींचं काय? १९८० च्या दशकात मोठ्यांसाठी एक मुलाखत तयार झाली. आई आणि बाप, प्रत्येकासाठी पाच शब्द सांगा, मग त्या एकेका शब्दाला धरून एखादा प्रसंग सांगा. बालपण चांगलं की वाईट याला मार्क नाहीत, शब्द आणि प्रसंग जुळतात का हे बघतात. जी माणसं हे सगळं झटकून टाकतात ती 'फार चांगले होते' म्हणतात आणि प्रसंग विचारला की अडतात.

मी मोठ्या भाऊला विचारलं. 'कष्टाळू' म्हणाला, मग 'चांगले' म्हणाला, मग म्हणाला तू कापूस वेचायला येतोय का नाही ते सांग.