किल्ली कोणी दिली?

19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला विनानोंदणीच्या पॉर्शे गाडीने दुचाकीला उडवले आणि दोन तरुण संगणक अभियंत्यांचा जीव गेला. गाडी 17 वर्षांचा मुलगा चालवत होता, असे पोलिसांचे म्हणणे. बाल न्याय मंडळाने काही तासांत जामीन दिला, अटींमध्ये 300 शब्दांचा निबंध होता. लोक त्या निबंधावर चिडले आणि ते रास्तच होते. पण घराघरांत आणखी एक प्रश्न विचारला जाऊ लागला: किल्ली कोणी दिली?

आपल्या कायद्याला हा प्रश्न पडायला फार उशीर झाला. त्याच्या नजरेसमोर प्रदीर्घ काळ गरिबाचेच पोर होते. 1850 च्या कायद्याने अनाथ किंवा किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या 10 ते 18 वयाच्या मुलांना कारागिराच्या हाताखाली शिकाऊ म्हणून बांधून देता येई. 1857 साली मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली. 1924 च्या मुंबईच्या बाल अधिनियमाने तर निराधार मूल आणि गुन्हा केलेले मूल एकाच छत्राखाली आणले. आईबाप असतील तर ते दुबळे, नसतील तर सरकार पालक, अशी ही मांडणी. पत्रकार शीला बारसे तुरुंगांत डांबलेल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तीही याच थरातली मुले होती. 1986 मध्ये बाल न्याय कायदा झाला. 2000 च्या कायद्याने मुलग्यांसाठीही वयोमर्यादा 16 वरून 18 केली. दिल्लीतील 2012 च्या अत्याचारानंतर 2015 च्या कायद्याने, गंभीरातल्या गंभीर गुन्ह्यात 16 ते 18 वयाच्या मुलावर प्रौढासारखा खटला चालवण्याची वाट उघडली. सगळा वाद मुलाच्या वयाचा. घर चर्चेत आलेच नाही.

घराचा अभ्यास दुसरीकडे चालू होता. अमेरिकेत बर्कलीच्या मानसशास्त्रज्ञ डायना बाउमरिंड यांनी 1960 च्या दशकात पालकांचे तीन प्रकार मांडले: हुकूमशाही, अधिकारपूर्ण पण समजावणारे, आणि मोकळे सोडणारे. मोकळ्या घरातल्या मुलांत स्वतःवर ताबा कमी दिसला. मात्र ती बालवाडीच्या वयाची मुले होती, गुन्हेगार नव्हेत, हे आपल्याकडे हा अभ्यास सांगताना सोयीस्करपणे गळते. 1983 मध्ये मानसशास्त्रज्ञ मॅकोबी आणि मार्टिन यांनी या तिसऱ्या प्रकाराचे दोन तुकडे केले: माया आहे पण मर्यादा नाही, तो लाड, आणि दोन्ही नाही, ते दुर्लक्ष.

मला हा फरक कळीचा वाटतो. कोयता घेऊन वस्तीत दहशत माजवणाऱ्या मुलाचे आईबाप दोघेही दिवसभर कामावर असतील, तर त्याला 'लाडावलेला' म्हणणे हा त्या आईवर अन्याय आहे. तिच्याकडे लाडाला वेळच नाही.

लाडाचा जाब कायद्याने खऱ्या अर्थाने विचारला तो वाहनाच्या निमित्ताने. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम 199 अ आले. अल्पवयीनाने वाहनासंबंधी गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी: 3 वर्षांपर्यंत कैद, 25 हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला 25 वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. गाडी पालकाच्या संमतीनेच बाहेर पडली, असे न्यायालय गृहीत धरते. आपल्याला ठाऊक नव्हते किंवा आपण पुरती खबरदारी घेतली होती, हे पालकाने सिद्ध करायचे.