काठीचा ठोका थांबला तर

नाशिकच्या जुन्या कॉलन्यांमध्ये रात्री गुरखा फिरायचा. आधी शिट्टी, मग विजेच्या खांबावर काठीचा ठोका, मग थोडी शांतता आणि पुढच्या गल्लीत पुन्हा ठोका. माझ्या आईला या ठोक्यांची इतकी सवय झाली होती, की ते चालू असताना ती गाढ झोपायची. एखाद्या रात्री ठोका आलाच नाही, की तिला जाग यायची.

गेल्या महिन्यात घरातल्याच दोघांनी मला एकच प्रश्न विचारला: घरफोडीचा अलार्म वायरचा घ्यावा की वायरलेस? एक माझी मावशी. पंचवटीतल्या जुन्या वाड्यात ती एकटी राहते आणि तिथून हलायला तयार नाही. दुसरा तिचाच मुलगा. तो मखमलाबादच्या पुढे द्राक्षबागेत बंगला बांधतोय. दुकानदाराने दोघांनाही वायरलेसच सुचवला. मला वाटतं, वायरच्या आधी दुसरंच काही विचारायला हवं. दाराखिडकीवर नजर ठेवणाऱ्या सेन्सरकडून काहीच निरोप आला नाही, तर पॅनेल, म्हणजे सगळे निरोप ऐकून सायरन वाजवणारा मुख्य डबा, त्याचा अर्थ काय लावतं?

दाराचा सेन्सर पाहू. त्यात काचेची एक बारीक नळी असते आणि नळीत लोखंडी मिश्रधातूच्या दोन पातळ पट्ट्या, एकमेकींपासून केसभर अंतरावर. दाराच्या फळीवर छोटं लोहचुंबक बसवतात. दार बंद असताना चुंबक नळीजवळ असतं, पट्ट्या चुंबकित होऊन चिकटतात आणि सर्किट पूर्ण होतं. दार उघडलं की चुंबक लांब जातं, पट्ट्या सुटतात. याला रीड स्विच म्हणतात. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत वॉल्टर एलवूड यांनी तो १९३६ मध्ये शोधला, टेलिफोन एक्स्चेंजच्या कामासाठी. नळी बंद असल्यामुळे आत धूळ, दमट हवा जात नाही. दिवसाला पन्नास वेळा दार उघडलं तरी तो वर्षानुवर्षं टिकतो.

वायरच्या अलार्ममध्ये या पट्ट्यांमधून सतत एक क्षीण प्रवाह वाहत असतो. तो वाहतोय तोवर सगळं ठीक. दार उघडलं तर प्रवाह थांबतो आणि सायरन वाजतो. चोराने वायर कापली तरी प्रवाह थांबतो आणि सायरन वाजतोच. उंदराने कुरतडली तरी तेच. म्हणजे इथे निरोप न येणं हाच धोक्याचा निरोप.

हे शहाणपण पहिल्या दिवसापासून नव्हतं. विजेच्या घरफोडी-अलार्मचं पेटंट ऑगस्टस पोप यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये २१ जून १८५३ रोजी घेतलं. आपल्याकडे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, त्याला तेव्हा दोन महिने झाले होते. पोप यांच्या रचनेत खिडकी उघडली की सर्किट जोडलं जाई आणि घंटा वाजे. पण तारच तुटली तर घंटा कायमची मुकी, आणि घरमालक निर्धास्त. पुढे बंद सर्किटची, म्हणजे प्रवाह सतत वाहता ठेवण्याची पद्धत आली आणि ही त्रुटी गेली.

तरी एक फट उरतेच. कुणी दोन्ही तारा सोलून एकमेकींना जोडल्या, तर दार उघडूनही प्रवाह वाहत राहील. त्यावर उपाय आहे एक रुपयाचा: सेन्सरपाशी, वायरच्या शेवटच्या टोकाला, एक रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला ठरावीक रोध करणारा चिमुकला भाग, लावायचा. समजा तो ५.६ किलोओहमचा आहे. पॅनेल सारखं तेवढाच रोध मोजत राहतं. वायर तुटली तर रोध अनंत, तारा जोडल्या तर शून्याजवळ. दोन्ही वेळा पॅनेलला कळतं. मात्र अनेक वायरमन सोयीसाठी हा रेझिस्टर पॅनेलच्या डब्यातच लावून टाकतात. मग पॅनेल डब्यातला रोध मोजतं आणि बाहेर वायरचं काय झालं ते त्याला समजत नाही. एवढा खर्च करून एवढ्याशा गोष्टीने व्यवस्था आंधळी होते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता वायरलेस. स्वस्तातला सेन्सर एरवी गप्प असतो. दार उघडलं की ४३३ मेगाहर्ट्झवर एकदा ओरडतो आणि पुन्हा गप्प. सेल संपला, सेन्सर खाली पडला, कुणी त्याच वारंवारतेवर गोंगाट केला, तर पॅनेलला काहीच ऐकू येत नाही, आणि काहीच ऐकू येत नाही म्हणजे सगळं ठीक, असंच ते समजतं. पोप यांची १८५३ सालची अडचण इथे परत येते. शिवाय अशा संचाचा रिमोट दर वेळी तोच ठरलेला कोड पाठवतो. तो कोड रेडिओवर टिपून पुन्हा पाठवला, की अलार्म मुकाट बंद होतो. चांगल्या संचात दर वेळी कोड बदलतो, आणि आधी वापरलेला कोड पॅनेल स्वीकारत नाही.

चांगल्या वायरलेस संचातली खरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे गुरख्याचा ठोका. सेन्सर ठरावीक वेळाने आपणहून कळवतो, ‘मी आहे, दार बंद आहे, सेल इतका उरलाय.’ ठोका चुकला की पॅनेल तक्रार करतं. मग सगळेच संच दर मिनिटाला ठोका का देत नाहीत? कारण सेल. नाण्याएवढ्या सीआर २०३२ सेलमध्ये साधारण २२० मिलिअँपिअर-तास इतकी वीज असते. समजा सेन्सर झोपेत ५ मायक्रोअँपिअर घेतो आणि एका निरोपाला सेकंदाचा विसावा भाग १५ मिलिअँपिअर. कागदावर हिशेब करा: दर मिनिटाला ठोका दिला तर सेल जेमतेम दीड वर्ष पुरतो, तासाला एक दिला तर पावणेपाच वर्षं. म्हणून कंपन्या ठोके लांबवतात. पण तासाला एक ठोका असेल, तर चोराने दहा मिनिटं केलेला रेडिओचा गोंगाट त्या फटीत सहज मावतो. असा गोंगाट वेगळा ओळखणारं पॅनेल असेल तर थोडे जास्त पैसे द्यावेत, असं माझं मत आहे.

मावशीच्या वाड्याला वायर घालणं जवळपास अशक्य. खाली काळ्या पाषाणाचा जोता, वर दोन-अडीच फुटी भिंती, आत माती. झिरी मारायला घेतली की बोटभर झिरीमागे टोपलीभर माती गळते. म्हणजे वायरलेसच. पण याच भिंती रेडिओलाही अडवतात, आणि गोदाकाठच्या घरांना पावसाळ्यात ओल चढते तेव्हा जास्तच, कारण भिंतीतलं पाणी रेडिओलहरींची ऊर्जा शोषून घेतं. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी साडेबारा सेंटिमीटर लांबीच्या; त्या ओल्या भिंतीत लवकर दमतात. ८६६ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ३५ सेंटिमीटरची, ती त्यामानाने पार जाते. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ पासून विनापरवाना खुला आहे, म्हणून त्या पट्ट्यातला संच शोधला. आणि वाड्याने स्वतःच एक वाट दिली: चौक. पॅनेल माजघरात कोनाड्यात न ठेवता चौकाकडे तोंड करून ओसरीवर लावलं. दिंडीदरवाजा, मागचं दार, जिना, सगळे सेन्सर लाकडी दारांमधून आणि मोकळ्या हवेतून पॅनेलशी बोलतात. कोरडं लाकूड रेडिओला फारसं अडवत नाही.

पहिला संच आम्ही परत केला. कारण साधं होतं. सकाळी अलार्म लावून मागच्या दाराच्या सेन्सरचा सेल काढला आणि वाट पाहिली. दिवेलागणीपर्यंत पॅनेल ‘सर्व सुरक्षित’ असंच दाखवत होतं. मावशी म्हणाली, “अरे, याला कळलंच नाही की गडी मेलाय!” दुसऱ्या संचाने अर्ध्या तासात तक्रार केली. तुमच्या घरी वायरलेस संच असेल तर हा प्रयोग आज करून पाहा. आणि चाचणी उन्हाळ्यात घेतली असेल तर श्रावणात, भिंती ओल्या असताना, पुन्हा घ्या.

खोलीतली हालचाल ओळखणारा सेन्सर दोन्ही प्रकारांत सारखाच असतो. माणसाची त्वचा साधारण साडेनऊ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वांत जास्त अवरक्त किरण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण, टाकते. सेन्सर मागच्या भिंतीच्या आणि आपल्या उष्णतेतला सरकता फरक पकडतो. एप्रिल-मेमध्ये बंद खोलीची भिंतच ३४-३५ अंशांवर गेली, की हा फरक पुसट होतो आणि नजर मंदावते. रात्री सायरन वाजला आणि घरात कुणीच नाही, तर आधी सेन्सरच्या पांढऱ्या भिंगावर पाल बसली होती का ते पाहा. इतक्या जवळून तीही सेन्सरला मोठी दिसते. वायर आणि वायरलेसमध्ये इथे फरक एवढाच की सेलवर चालणारे बरेच सेन्सर एकदा निरोप दिला की सेल वाचवण्यासाठी दोन-तीन मिनिटं झोपतात. वायरवाल्याला झोपायची गरज नसते.

मावसभावाचं गणित उलटं आहे. त्याचा स्लॅब अजून पडायचाय, पाइप आत्ता टाकता येतात, मग घरात वायरच. सेल बदलायचे नाहीत, निरोप सतत. पॅनेलमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. सगळं मिळून १५० मिलिअँपिअर लागत असतील तर लाइट गेल्यावरही दीड दिवस तरी निघतो. द्राक्षपट्ट्यात हे महत्त्वाचं.

पण त्याला फाटकापर्यंत आणि पंपाच्या खोलीपर्यंतही वायरच ओढायची होती. तिथे मी अडवलं. वळवाच्या आधी नाशिकवर कडकडणारी वीज घरावर पडायची गरज नसते. समजा शंभर मीटरवर पडली आणि तिचा प्रवाह मायक्रोसेकंदाला दहा हजार अँपिअर या गतीने वाढला. वायर जाता-येता जमिनीशी मिळून जो वेढा करते तो ३० मीटर लांब, अर्धा मीटर रुंद धरला, तरी त्यात क्षणभर ३०० व्होल्ट उमटतात. हा फॅरडेचा नियम: वेढ्यातलं चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदललं की वायरमध्ये वीज उमटते. १२ व्होल्टच्या पॅनेलला ते सोसत नाहीत. बागेतून जाणारी लांब वायर म्हणजे या विजेला घरात यायचं निमंत्रण. फाटकावर सेलवर चालणारा, ठोका देणारा वायरलेस सेन्सर लावला तर ही वाटच राहत नाही.

तेव्हा त्याचं असं ठरलंय: घरात वायर, फाटकावर आणि पंपावर वायरलेस, दोन्ही ऐकणारं एकच पॅनेल. स्लॅब पुढच्या आठवड्यात आहे. प्रत्येक खिडकीपर्यंत एक पाइप रिकामा का होईना टाकून ठेव, आणि वायरमन रेझिस्टर दाराशी लावतोय की डब्यात, ते स्वतः उभं राहून बघ, असं त्याला सांगून ठेवलंय.