बार्बरा दी ब्रागान्सा : पोर्तुगालची राजकन्या, स्पेनची राणी

मारिया बार्बरा दी ब्रागान्सा (4 डिसेंबर 1711 ते 27 ऑगस्ट 1758) ही पोर्तुगालचा राजा पाचवा जुआंव याची थोरली मुलगी आणि स्पेनचा राजा सहावा फर्नांडो (इंग्रजी पुस्तकांत फर्डिनांड) याची बायको. 1746 ते 1758 अशी बारा वर्षं ती स्पेनची राणी होती. संगीतवाल्यांना ती माहिती आहे ती इटालियन संगीतकार डोमेनिको स्कार्लातीची शिष्या म्हणून, इतिहासवाले तिला स्पेन-पोर्तुगालमधल्या 1750 च्या माद्रिद तहाच्या निमित्ताने आठवतात, पण तिचं आयुष्य नीट समजून घ्यायचं तर सुरुवात तिच्या सोयरिकीपासूनच करावी लागते, कारण हे लग्न म्हणजे आपल्याकडे ज्याला साटंलोटं म्हणतात ते, तेही दोन राज्यांमधलं.

आपल्याकडच्या वाचकांना हे ब्रागान्सा घराणं अगदीच परकं नाही. 1661 च्या तहात मुंबई बेट इंग्रजांना आंदण देऊन ज्या कॅथरीनचं लग्न इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी ठरलं ती बार्बराच्या आजोबांची सख्खी बहीण. आणि 1739 साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हा लिस्बनच्या गादीवर बार्बराचे वडीलच होते.

जन्म आणि माहेर

जुआंव आणि मारिया आना (बार्बराची आई) यांचं लग्न 1708 ला झालं, तीन वर्षं मूल नाही, तेव्हा राजाने नवस बोलला की मूल झालं तर माफ्रा गावी फ्रान्सिस्कन साधूंसाठी मठ बांधीन. मग बार्बरा झाली, 4 डिसेंबर हा संत बार्बराचा दिवस म्हणून नाव तेच. नवस फेडायला 1717 ला पाया घातला आणि ब्राझीलच्या सोन्याचा पैसा हातात खुळखुळत असल्यामुळे साधा मठ वाढत वाढत चर्च, राजवाडा, ग्रंथालय असं अवाढव्य प्रकरण होऊन बसलं, 1730 ला चर्चचा अभिषेक झाला तेव्हा नवसाची मुलगी सासरी जाऊन वर्ष उलटलं होतं.

तिच्या पाठीवर पाच भाऊ झाले, त्यातला पहिला पेद्रू दोन वर्षांचा होऊन गेला. पुढे महत्त्वाचे ठरले ते दोघं, 1714 चा जुझे (नंतरचा राजा) आणि 1717 चा दुसरा पेद्रू.

1719 ला नेपल्सचा स्कार्लाती लिस्बनला आला. राजाचा धाकटा भाऊ आंतोनियू आणि ही पुतणी, दोघांना शिकवायचं काम त्याच्याकडे आलं. वाद्य हार्प्सिकॉर्ड, म्हणजे पट्ट्या पियानोसारख्याच पण आत हातोडी नाही, पिसाच्या दांडीचं टोक तार छेडतं, त्यामुळे आवाज आपल्या सतारीच्या जातीचा, टणक आणि लगेच विरणारा. राजकन्यांनी थोडंफार वाजवायला शिकणं तेव्हा रीतच होती, पण बार्बरा खरंच तयारीची वाजवणारी निघाली.

नात्यांचा गुंता

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण मला स्वतःला कागदावर वंशवृक्ष काढल्याशिवाय तो कळला नव्हता. जर्मनीतल्या नॉयबुर्ग घराण्याच्या फिलिप विल्हेल्मला बऱ्याच मुली होत्या आणि त्या युरोपभर दिल्या गेल्या. एलेओनोरे माग्दालेना ऑस्ट्रियाच्या सम्राट लिओपोल्डला दिली, तिची मुलगी म्हणजे बार्बराची आई. मारिया सोफिया पोर्तुगालच्या दुसऱ्या पेद्रूला दिली, तिचा मुलगा म्हणजे बार्बराचे वडील. म्हणजे आईवडील मावसभावंडं. तिसरी दोरोथेया सोफी इटलीत पार्माला दिली आणि तिची मुलगी इझाबेल फार्नेसे, जी स्पेनच्या पाचव्या फेलिपेची दुसरी बायको झाली आणि पुढे बार्बराची सावत्र सासू. हिशोब केला तर ही सासू आईकडून मावशी लागते आणि बापाकडून आत्या, आणि तरी या दोघींचं कधी पटलं नाही.

अजून एक. बार्बराचा सख्खा मामा, आर्चड्यूक चार्ल्स (नंतरचा सम्राट सहावा चार्ल्स), हाच स्पेनच्या गादीसाठी तिच्या सासऱ्याशी लढला होता. स्पॅनिश वारसायुद्ध, 1701 ते 1714. पोर्तुगाल 1703 ला मामाच्या बाजूने उतरला, 1704 ला मामा लिस्बनलाच जहाजातून उतरून स्पेन घ्यायला निघाला होता, माद्रिदमध्ये काही काळ जाऊनही आला, पण शेवटी गादी फेलिपेकडेच राहिली. त्याच फेलिपेच्या घरी भाची सून म्हणून गेली. मामाची मुलगी म्हणजे ऑस्ट्रियाची प्रसिद्ध राज्यकर्ती मारिया तेरेसा, तीही बार्बराची मामेबहीण.

काया नदीवरची अदलाबदल

1721 ला फेलिपे आणि इझाबेलने आपली तीन वर्षांची मुलगी मारियाना व्हिक्टोरिया हिचं फ्रान्सच्या पंधराव्या लुईशी जमवलं आणि पुढल्या वर्षाच्या सुरुवातीला पोरीला पॅरिसला पाठवून दिलं. तीन वर्षांनी फ्रेंचांच्या लक्षात आलं की राजा पंधराचा झाला, वारस लवकर पाहिजे आणि ही तर सात वर्षांची, मग 1725 ला तिला सरळ परत पाठवली. स्पेनमध्ये भयंकर संताप. परत आलेल्या मुलीला दुसरं तोलामोलाचं स्थळ पाहिजे म्हणून नजर शेजारी वळली आणि सौदा असा ठरला की मारियाना जुझेला द्यायची आणि बार्बरा फर्नांडोला घ्यायची. फर्नांडो हा फेलिपेच्या पहिल्या बायकोचा, सावॉयच्या मारिया लुईझाचा मुलगा, तो पाच महिन्यांचा असताना आई वारलेली.

19 जानेवारी 1729 ला सरहद्दीवरच्या काया नदीवर, एका बाजूला पोर्तुगालचं एल्व्हास आणि दुसऱ्या बाजूला स्पेनचं बादाखोस, मधोमध पुलावर मुद्दाम मंडप बांधला आणि दोन्ही राजे, राण्या, अख्खा लवाजमा घेऊन तिथे भेटले. एक मुलगी इकडून तिकडे, एक तिकडून इकडे. बार्बरा सतरा वर्षांची, फर्नांडो पंधरा, जुझे चौदा आणि मारियाना दहा. यानंतर मारियाना ही बार्बराची नणंदही झाली आणि भावजयही, नेमकी आपल्या साट्यालोट्यातली स्थिती.

बार्बराला देवीचे व्रण होते, ती दिसायला चांगली नव्हती आणि पोर्तुगीजांनी तिचं पोर्ट्रेट पाठवायला बरीच टाळाटाळ केली होती. त्या दिवशी हजर असलेला इंग्रज वकील (म्हणजे राजदूत) बेंजामिन कीन याने लिहून ठेवलंय की तिला बघितल्यावर राजपुत्राचा चेहरा फसवल्यासारखा झाला. हा किस्सा सगळीकडे फार चघळला जातो, पण त्यापुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे असं मला वाटतं, की हा मुलगा थोड्याच काळात बायकोशिवाय राहू शकेना आणि शेवटपर्यंत तसाच राहिला.

सासरचे दिवस

लग्नानंतर दरबार सेव्हिलला होता तो 1733 ला माद्रिदला परतला. स्कार्लातीही पोर्तुगाल सोडून हिच्या मागोमाग आला, तो कायमचा. सासरे फेलिपे म्हणजे तीव्र डिप्रेशनचा पेशंट, दिवसेंदिवस अंथरुणातून उठायचे नाहीत, अंघोळ नाही, कारभार सगळा इझाबेलच्या हाती. तिचं लक्ष स्वतःच्या पोटच्या मुलांना इटलीत राज्यं मिळवून देण्याकडे आणि सावत्र मुलगा पुढे आलेला तिला नकोच होता. 1733 पासून या नवराबायकोवर वकिलांच्या भेटी, चारचौघांत जेवणं, बाहेर फिरायला जाणं सगळ्यावर बंधनं आली. करायला काय उरलं, तर संगीत.

साट्यालोट्याचं जे दुखणं आपल्याकडे असतं, की एका घरात भांडण झालं की दुसऱ्या घरातल्या लेकीच्या जिवाला घोर, तेही तिच्या वाट्याला आलं. 1735 ला स्पेन आणि पोर्तुगालचं बिनसलं आणि दक्षिण अमेरिकेत कोलोनिया दो साक्रामेंतो या पोर्तुगीज ठाण्याला स्पॅनिश फौजेने वेढा दिला, ते 1737 ला कसंबसं मिटलं (त्याच 1737 ला इकडे मराठ्यांनी साष्टी घेतली, म्हणजे जुआंवला दोन्हीकडून दणका). स्पेनमध्ये ही, पोर्तुगालात मारियाना, दोघी शत्रूच्या घरी नांदत होत्या.

1737 लाच इझाबेलने नवऱ्याचा आजार सुधारावा म्हणून फारिनेलीला बोलावलं. लहानपणीच खच्ची केल्यामुळे ज्यांचा आवाज फुटत नसे अशा इटालियन गवयांतला हा सगळ्यात मोठा. तो रोज रात्री राजासाठी गायचा, बाहेरच्या रंगमंचावर परत कधी गायला नाही.

राणी

9 जुलै 1746 ला फेलिपे वारला, फर्नांडो राजा झाला आणि पुढच्याच वर्षी सावत्र आईची रवानगी ला ग्रांखाच्या राजवाड्यात झाली. नवीन राजा भित्रा आणि चटकन खचणारा, त्यामुळे मंत्री काही मांडायचं तर आधी राणीचा कल बघत. पुढे 1756 ला सप्तवार्षिक युद्ध पेटलं तरी फर्नांडोच्या हयातीत स्पेन त्यात उतरला नाही, याचं श्रेय एकट्या बार्बराला देता येणार नाही पण ती शांततेच्या बाजूची होती हे नक्की.

तिच्या माहेर-सासरच्या मध्ये असण्याचा सगळ्यात ठळक परिणाम म्हणजे 13 जानेवारी 1750 चा माद्रिदचा तह. स्पेनच्या बाजूने मंत्री कार्वाखाल. पोर्तुगालने कोलोनिया सोडायचं आणि बदल्यात उरुग्वे नदीच्या पूर्वेची जेझुइट (कॅथलिक पंथाच्या) धर्मप्रसारकांनी वसवलेली सात मिशन गावं घ्यायची. कागदावर सुंदर, पण तिथल्या हजारो ग्वारानी आदिवासींना कुणी विचारलंच नव्हतं, त्यांनी गावं सोडायला नकार दिला आणि 1754 ते 1756 त्यांच्यावर दोन्ही देशांच्या फौजा गेल्या, त्यात बरेच जण मारले गेले. 1761 ला तह रद्दच झाला. तह झाल्यावर सात महिन्यांच्या आतच जुआंव वारला आणि जुझे गादीवर आला, म्हणजे बार्बरा आणि मारियाना दोघीही एकमेकींच्या माहेरच्या राण्या.

फारिनेली या राजवटीत अजून मोठा झाला, माद्रिदच्या बुएन रेतिरो राजवाड्याच्या थिएटरात ऑपेरा, अरांखुएसला ताखो नदीत सजवलेल्या होड्यांमधून संगीताच्या सहली, सगळं त्याच्याकडे. स्कार्लाती मात्र शांतपणे तिच्यासाठी हार्प्सिकॉर्डचे सोनाटे (एकट्या वाद्यावर वाजवायच्या छोट्या रचना) लिहीत राहिला. आज त्याचे 555 सोनाटे मोजले जातात, त्यातले बहुतेक टिकले ते राणीसाठी सुंदर अक्षरात केलेल्या वह्यांमुळे, पंधरा खंड, त्यातले तेरा 1752 ते 1757 मधले. हात उलटे टाकणं, पट्टीवर लांब उड्या, गिटारसारखे झणझणीत स्वर असं सगळं त्यात आहे आणि हे वाजवणारी बाई साधी हौशी नसणार हे ऐकताना समजतं. तिच्या वाद्यांच्या यादीत पट्ट्यांची बारा वाद्यं होती, फ्लॉरेन्सला बनलेले सुरुवातीचे पियानोसुद्धा.

माद्रिदला तिने सालेसास रेआलेस हे कॉन्व्हेंट (जोगिणींचा मठ) बांधलं, वास्तुकार फ्रान्सुआ कार्लिए, 1757 ला पूर्ण. नवरा आधी गेला तर इझाबेलच्या मुलांच्या राज्यात आपल्याला राहायला जागा हवी, हा हेतू यामागे होता असं म्हणतात. खर्च इतका झाला की लोकांनी तिच्या नावावर कोटी केली (स्पॅनिशमध्ये बार्बरो म्हणजे रानटी), राणी बार्बरा, काम बार्बरा, आवड बार्बरा, खर्चही बार्बरा. त्या कॉन्व्हेंटच्या जागी आता स्पेनचं सुप्रीम कोर्ट आहे.

शेवट आणि नंतर

दमा तिला आधीपासून होता. 1757 च्या जुलैत स्कार्लाती गेला आणि 27 ऑगस्ट 1758 ला अरांखुएसला ती गेली, 46 वर्षांची. मूलबाळ नव्हतं. मृत्युपत्रात संगीताच्या वह्या आणि चांगली वाद्यं फारिनेलीला, स्कार्लातीलाही अंगठी आणि पैसे लिहून ठेवले होते पण तो त्याआधीच गेलेला. पैशाचा मोठा वाटा पोर्तुगालात भाऊ पेद्रूला, हे स्पॅनिश लोकांना अजिबात आवडलं नाही. फारिनेली वह्या घेऊन बोलोन्याला गेला आणि आज ते पंधरा खंड व्हेनिसच्या मार्चियाना ग्रंथालयात आहेत.

फर्नांडो बायको गेल्यावर व्हियाव्हिसिओसा दे ओदोनच्या वाड्यात जाऊन बसला, दाढी नाही, अंघोळ नाही, पलंगावर झोपायचं नाही, वर्षभरात पूर्ण वेडा होऊन 10 ऑगस्ट 1759 ला मेला. माद्रिदजवळच्या एस्कोरियालच्या मुख्य राजसमाधीत राजांना जन्म देणाऱ्या राण्यांनाच जागा, ती हिला मिळणारच नव्हती, आणि राजाही तिकडे गेला नाही, दोघं सालेसासच्या चर्चमध्येच आहेत. गादी इझाबेलच्या मुलाला, नेपल्सहून आलेल्या तिसऱ्या कार्लोसला मिळाली आणि तो येईपर्यंत कारभार बघायला ला ग्रांखाहून परत कोण आलं तर इझाबेल.

मारियाना व्हिक्टोरिया विधवा झाल्यावर 1777 ला माहेरी आली आणि भाऊ कार्लोसकडे जवळपास वर्षभर राहून तिने दोन्ही घरांचं परत जुळवलं. त्यातून तिच्या मृत्यूनंतर 1785 ला पुन्हा साटंलोटं झालं, तिची नात स्पेनच्या गाब्रिएलला दिली आणि नातू जुआंवसाठी स्पेनहून कार्लोसची नात कार्लोता आणली. कार्लोता तेव्हा दहा वर्षांची होती.